दुर्बिणीचा दुभाष्या आणि आपला अर्धा तास



दुर्बीण घेताना आपण आरशाचा व्यास विचारतो, माउंटला मोटर आहे का ते विचारतो. त्या मोटरशी आपला लॅपटॉप कोणत्या भाषेत बोलणार, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्या भाषेबद्दल आणि ती सांभाळणाऱ्यांबद्दल बोलू.

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी घेते. म्हणून तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. मोटर त्याच वेगानं दुर्बीण फिरवते, तेव्हा कुठे फोटोत तारा ठिपका राहतो, रेघ होत नाही. नकाशाच्या ॲपमध्ये तुम्ही मृगातल्या तेजोमेघावर क्लिक करता. तो हुकूम माउंटला कळेल अशा शब्दांत सांगतो तो ड्रायव्हर. थोडक्यात, दुभाष्या.

या भाषांमधली एक फार पसरलेली भाषा मीड कंपनीच्या एलएक्स२०० या दुर्बिणीबरोबर १९९२ साली आली. कोलन, जी, आर, हॅश एवढी चार अक्षरं पाठवली की माउंट आपला विषुवांश सांगतो. मीडची मालकी असलेली ऑरायन कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. भाषा मात्र जिवंत आहे: इतर कंपन्यांचे माउंट ती बोलतात, हौशी मंडळी घरी बनवतात तो ऑनस्टेप कंट्रोलरही बोलतो. पण मराठीत वऱ्हाडी आणि मालवणी, तसंच तिथेही. कुणी उत्तरात सेकंद देतो, कुणी मिनिटाचा दहावा भाग. ड्रायव्हरला दोन्ही कळावं लागतं.

आता आपल्या घरची अडचण. या भाषेत वेळेचा फरक सांगायची एक आज्ञा आहे. नियम असा: स्थानिक वेळेत किती तास मिळवले की जागतिक वेळ येते, ते सांगा. आपल्याला साडेपाच तास वजा करावे लागतात, म्हणून इथे चिन्ह उणे. बाकी संगणक भारताला अधिक साडेपाच म्हणतात. चिन्ह उलटं गेलं तर अकरा तासांची चूक. शिवाय काही माउंट इथे पूर्ण तासच घेतात. मग अर्धा तास गळतो, आणि आकाश साडेसात अंश सरकतं. म्हणजे पंधरा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत, तेवढं.

एखाद्या ताऱ्यावर जुळवून घेतलं की नेम सुधारतो. तरी काही माउंटच्या हिशेबातलं याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, चुकलेलंच राहू शकतं. जर्मन पद्धतीच्या माउंटला ती रेषा ओलांडल्यावर दुर्बीण पलटावी लागते. पलटी उशिरा झाली, तर कॅमेरा तिवईच्या पायावर आदळू शकतो, आणि मालक तेव्हा आत झोपलेला असतो.

घड्याळात पूर्ण तासांचा फरक असलेल्या देशात बसून ही चूक दिसणं कठीण. इंदूर, बडोदा, बंगळुरू, पणजी, आपण सगळे मात्र त्याच अर्ध्या तासात राहतो. शेजारच्या नेपाळचा फरक तर पावणेसहा तासांचा.

विंडोजवर असकॉम आहे. लिनक्सवर प्रामुख्यानं इंडी. एलवुड डाउनी यांनी ती सुरू केली, आज जासेम मुतलक तिचं नेतृत्व करतात. पण देखभाल करणाऱ्याकडे प्रत्येक माउंट नसतो. सिम्युलेटरवर कोड तपासता येतो. गिअरचा ढिलेपणा, खराब केबल, जुनं फर्मवेअर तिथे दिसत नाही. एका माउंटसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या, जुन्या माउंटला बिघडवू शकते. म्हणून तो तुमच्याकडे लॉग मागतो.

मग आपण काय करायचं? नवीन ड्रायव्हर आला की दिवसा, दुर्बिणीवर झाकण ठेवून, आधी ‘थांब’ ही आज्ञा तपासा. मग माउंटमध्ये पोहोचलेली वेळ आणि फरक वाचा. चुकीचं दिसलं तर माउंटचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, जोडणी केबलनं की वायफायनं, आणि जोडणीच्या पहिल्या क्षणापासूनचा लॉग पाठवा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर समोरचा माणूस काहीच दुरुस्त करू शकत नाही.

प्रोग्रामिंग येत नसलं तरी हे जमतं. आपला अर्धा तास आपणच सांगायचा आहे.