दप्तराची किल्ली

जळगांव जिल्ह्यांतील सावदा हें केळीच्या बागांचें गांव. येथील कित्येक घरांतील मुलें नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहतात. वडिलोपार्जित बागेचा सातबारा मात्र गांवच्या दप्तरांतच असतो. पूर्वीं तो पाहावयाचा तर तलाठ्याची गांठ घ्यावी लागे. आज तोच उतारा पुण्याच्या दिवाणखान्यांत बसून फोनवर वाचतां येतो. सोय मोठी खरी. पण तिच्या पोटांत एक शंकाही दडलेली आहे. जें दप्तर कोणासही उघडतां येतें, त्यांतील नांव कोणी चोरून बदललें तर?

शंका क्षुल्लक नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें अधिकार-अभिलेखांतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. खोटी नोंद एकदां आंत शिरली, कीं ती खोटी ठरविण्याचा भार खऱ्या मालकावर येऊन पडतो.

यावरचा उपाय संगणकापेक्षां जुना आहे. वाचण्याचा अधिकार निराळा, लिहिण्याचा निराळा आणि मंजुरीचा त्याहूनही निराळा. १९६६ च्या या संहितेनुसार तलाठी फेरफाराच्या नोंदवहींत नोंद लिहितो, तिची प्रत चावडींत लावतो व संबंधितांस नोटीस देतो. हरकत आली तर तिची चौकशी होते. नंतर वरचा अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. लिहिणारा हात व मंजूर करणारा हात एक नसावा, हें यांतील मर्म. ई-फेरफाराच्या संगणकीय व्यवस्थेंत हाच क्रम पाळला जातो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळूं लागला. घरबसल्या उतारा पाहणाऱ्यास केवळ वाचनाची मुभा असते.

आतां प्रश्न उरतो तो दारावर ओळख पटविण्याचा. पहारेकरी जसा परवलीचा शब्द विचारी, तसा संगणक पासवर्ड विचारतो. पण शब्द साठवावयाचा कोठें? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेंत १९६२ सालीं ॲलन शेर या संशोधकानें संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली! किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर उघडा टांगला होता. घेणाऱ्यास हात पुढें करण्याचाच काय तो अवकाश. म्हणून सुज्ञ व्यवस्थेंत मूळ शब्द ठेवीतच नाहींत. त्यापासून गणितानें काढलेली खूण तेवढी ठेवतात. तिच्यावरून मूळ शब्द उलट काढतां येत नाहीं. मात्र शब्दच जन्मतारखेसारखा सोपा असेल, तर चोर एकेक शब्द घेऊन त्याची खूण ताडून पाहतो, आणि कुलूप उघडतें.

परंतु सर्वांत मोठें छिद्र गणितांत नसून माणसाच्या संवयींत आहे. एकच पासवर्ड साऱ्या कचेरीनें वापरला, किंवा साहेबानें तो मदतनिसाच्या हवालीं केला, कीं तीन हातांची व्यवस्था एका हाताची होते. कोणत्या वेळीं कोणीं काय लिहिलें याची टिपण संगणक ठेवतो. पण किल्ली उसनी दिली, कीं ती टिपणच खोटी साक्ष देऊं लागते. तसेंच एखाद्याची बदली झाली, तर त्याच दिवशीं त्याचा अधिकार काढून घेतला पाहिजे. जुनी किल्ली जुन्या माणसापाशीं राहणें म्हणजे दार उघडेंच राहणें होय.

हाच नियम घरासही लागू आहे. सामायिक बागेचा हिशेब भावंडांनीं एका फायलींत ठेवला असेल, तर वाचावें सर्वांनीं, लिहावें एकानें, तपासावें दुसऱ्यानें, आणि पासवर्ड ज्याचा त्याचा निराळा असावा. सावद्याचा सातबाराही सणावारीं घर आठवतें त्याच वेळीं एकदां उघडून पाहावा. कुलूप कितीही भक्कम असलें, तरी मालकाची नजर त्याच्यावरून अधूनमधून फिरावयासच हवी.