सुताराचे बलुते आणि किर्लोस्करांचा नांगर

(राहाता येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



पेरूच्या बागांच्या या गावी आम्हांस बोलावले ते शेतीवर चार शब्द सांगण्यासाठी, अशी आमची समजूत होती, व तसे भाषण आम्ही मनाशी योजूनही आलो होतो. पण गाडीतून उतरतो न उतरतो तोच एका सुतार आबांनी आमचा हात धरला. म्हणाले, "मास्तर, पोराला पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली. पेढे आणले होते. पण शेजारची इंजिनेर पोरं म्हणाली, ही सर्व्हिस कंपनी, प्रॉडक्ट नव्हे. तेव्हापासून पोरगं धड जेवत नाही. एक क्लासवाला म्हणतो, दीड लाख भरा, वर्षभर पोराला बसवा, प्रॉडक्टमध्ये घालून देतो. विहिरीजवळचे वीस गुंठे गहाण टाकू का?" तेव्हा शेतीचे भाषण आम्ही बाजूस ठेवले आहे. वीस गुंठ्यांचा प्रश्न हाही शेतीचाच प्रश्न आहे.

सर्व्हिस आणि प्रॉडक्ट हे काय गौडबंगाल आहे ते आबांच्याच धंद्यावरून सांगतो. गावचा सुतार बलुत्यावर काम करी. नांगर कुणब्याचा, लाकूड कुणब्याचे, सुताराचा फक्त हात आणि दिवस. खळ्यावर त्याला धान्य मिळे. दुष्काळ नसला तर पोट भरे, पण दहा नांगरांऐवजी वीस दुरुस्त करावयाचे तर दुप्पट राबावे लागे, नाहीतर आणखी एक भाऊ हाताशी घ्यावा लागे. पुढे १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. तो एकदा नीट बसविला, साचा एकदा तयार झाला, की तोच नांगर शंभर गावांत विकता येतो. मात्र हेही ध्यानात ठेवा की ते पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीस विष चढते असे आपलेच शेतकरी म्हणत होते! त्या दोन वर्षांत बलुतेदार सुताराच्या घरी चूल पेटत होती, आणि किर्लोस्करांचे भांडवल गंजत पडले होते.

कॉम्प्युटरच्या धंद्यात हेच आहे. १९६८ साली निघालेली टाटांची टीसीएस किंवा १९८१ साली पुण्यात जन्मून पुढे बंगलोरास गेलेली इन्फोसिस ही मुख्यतः बलुत्याची घरे. अमेरिकेतील एखादी बँक किंवा विमा कंपनी म्हणते, आमचे प्रोग्रॅम सांभाळा, नवे लिहून द्या. इकडची कंपनी पन्नास पोरे त्या कामावर बसविते, आणि पुष्कळदा दर माणशी, दर तासाला बिल लावते. लिहिलेल्याचा मालक गिऱ्हाईक. प्रॉडक्ट कंपनी स्वतःचा माल करते, तो एकदा लिहिते व लाखोंना विकते. या पेठेतले दुकानदार ज्या टॅलीवर हिशेब ठेवतात, ती टॅली असा माल आहे. गोएंका बापलेकांनी १९८६ च्या सुमारास ती स्वतःच्याच धंद्याच्या गरजेतून काढली.

आता पैशाचे बोलू. सर्व्हिस कंपनीत नव्या मुलास वर्षाला साधारण साडेतीन ते चार लाख मिळतात. दहा-बारा वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. हिंजवडीतील खोलीचे भाडे मात्र हलले, खानावळीचे ताट हलले. चांगल्या प्रॉडक्ट कंपनीत आरंभीच याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक मिळते, आणि वर कंपनीचे शेअर मिळतात. शेअर म्हणजे काय हे या तालुक्यास आम्ही शिकवावे असे नाही. शेजारी लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० पासून त्याचे गाळप सुरू झाले. ऊस विकणारा आणि कारखान्याचा भागीदार या दोहोंतील फरक तुमच्या आजोबांना कळत होता. पण सावध! बाजारात नोंद नसलेल्या नव्या कंपनीचा शेअर हा कागद असतो. विकला जाईल तेव्हा पैसा, न विकला गेला तर रद्दी.

बलुत्यात सुरक्षितता आहे असे आम्ही म्हणालो, ते पूर्वीचे. २०२५ साली टीसीएसने नियम केला की प्रत्येकाने वर्षात निदान २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या बिलात मोडेल असे काम केले पाहिजे, आणि कामाविना बसण्याचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. हजेरीपटच झाला हा! त्याच साली तिने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. मग प्रॉडक्टवाले तरी दयावंत आहेत काय? गूगलने जानेवारी २०२३ मध्ये एका घोषणेत बारा हजार माणसे काढली. दोन्हीकडे सुरी एकच, मूठ तेवढी निराळी.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचा पुतण्या एका सर्व्हिस कंपनीत लागला. पहिले काही महिने त्यास कामच नव्हते. नंतर रात्रपाळी मिळाली. परदेशातील कोणाचा तरी प्रोग्रॅम बंद पडला की तक्रार वाचायची आणि ती दुसऱ्याकडे सरकवायची. दोन वर्षांत त्याने स्वतः पन्नास ओळीसुद्धा लिहिल्या नसतील. आम्ही घरी सर्वांना सांगत होतो, पोरगा इंजिनेर आहे! पुढे सकाळी झोप मोडून तो अभ्यास करू लागला, तिसऱ्या वर्षी एका प्रॉडक्ट कंपनीत गेला, पगार अडीच पट झाला, वहिनींनी कुलदैवतास अभिषेक केला. दीड वर्षाने एका सकाळी चार ओळींची ई-मेल आली आणि दुपारपर्यंत त्याचा कॉम्प्युटर बंद. आज तो पुन्हा सर्व्हिस कंपनीतच आहे, पण वरच्या जागेवर, कारण त्या दीड वर्षात हाताला जे वळण लागले ते कोणास काढून घेता आले नाही. त्याला विचारले, कोणती कंपनी चांगली? तो म्हणाला, "काका, जिथं माझं लिहिलेलं दुसरा कोणी तपासून चुका दाखवतो, ती." या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला.

आणि सर्व्हिस म्हणजे हलके हे आम्हांस मुळीच मान्य नाही. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातले कैलास काटकर मॅट्रिकच्या पुढे शिकले नाहीत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते नोकरीस लागले, पुढे स्वतःचे दुकान काढले. दुरुस्ती म्हणजे निव्वळ सर्व्हिस! दुरुस्तीस येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरलेला असे. तेव्हा कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय याने त्यावर उतारा लिहिला. तेच क्विक हील. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. गिऱ्हाइकाचे दुखणे रोज पाहिले म्हणून औषध सुचले. ज्यांच्या पणज्यांनी जन्मावरून उच्चनीच ठरविणाऱ्यांशी झुंज घेतली, त्यांच्या पोरांनी आता कंपनीच्या नावावरून नवे वर्ण पाडावेत व सर्व्हिसवाल्यास पंक्तीतून उठवावे, याला काय म्हणावे?

म्हणून आबा, वीस गुंठे गहाण टाकू नका. जो क्लासवाला 'घालून देतो' म्हणतो त्यास विचारा, न घातल्यास पैसे परत देणार काय, आणि ते कागदावर लिहून द्या म्हणावे. तो लिहून देणार नाही. पूर्वीचे जोशी निदान सव्वा रुपयात भविष्य सांगत. प्रॉडक्ट कंपन्या परीक्षा घेतात ती कोडी सोडविण्याची व प्रोग्रॅम लिहून दाखविण्याची. त्याचा अभ्यास नोकरी करीत होतो, आणि बराचसा फुकट मिळतो. तामिळनाडूत श्रीधर वेंबूंची झोहो ही प्रॉडक्ट कंपनी तर २००४ पासून कॉलेजात न गेलेल्या पोरांना स्वतःच्या शाळेत शिकवून, वर विद्यावेतन देऊन, कामावर घेते. मुलगा ही नोकरी धरू दे. मात्र पहिल्याच महिन्यात त्याने साहेबास विचारावे की मला लिहिण्याचे काम मिळेल की नुसती राखण. राखणच असेल तर दुसऱ्या कामावर घालण्याचा अर्ज करावा. वरवरचे सोपे लिखाण आता यंत्रेच करू लागली आहेत, तेव्हा नुसत्या राखणीवर दहा वर्षे काढणाऱ्याचे पुढे कठीण आहे.

कागदांचे मात्र पक्के असू द्या. अमुक वर्षे सोडणार नाही, सोडल्यास इतके रुपये भरीन, असा करार असेल तर तो आकडा सही करण्याआधी घरात मोठ्याने वाचावा. मूळ गुणपत्रके कोणाच्याही हवाली करू नयेत, प्रती द्याव्यात. नोकरीसाठी कोणी अनामत मागितली तर तो चोर समजावा. २०२२ साली कित्येक सर्व्हिस कंपन्यांनी पोरांच्या हाती नेमणुकीची पत्रे दिली आणि मग महिनोन्‌महिने, काहींना दोन वर्षे, दारात ताटकळत ठेवले. तेव्हा रुजू होण्याची तारीख पत्रात आहे की नाही ते पाहा, आणि ती येईपर्यंत हातचे काम सोडू नका.

आम्ही आज रात्री येथेच मुक्कामास आहो. ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल त्यांनी ते सकाळी घेऊन यावे, बसून वाचू. आबा, तुम्ही पोरालाही घेऊन या. आणि ते पेढे उरले असतील तर आणा, आम्हांस अजून मिळालेले नाहीत.