'हागेताका' पाहिल्यावर

मैत्रिणींनो, आत्ता आपण पाहिलेला 'हागेताका' हा २००९ सालचा जपानी चित्रपट. हागेताका म्हणजे गिधाड. २००८ची मंदी, डळमळलेली अकामा मोटार कंपनी, आणि तिचे शेअर्स चढ्या भावाने मागणारा चिनी पैशाचा फंड. ताबा कुणाचा, यावर दोन तास सुटाबुटातले पुरुष भांडतात. नजरेत भरणारी बाई एकच, टीव्हीवरची पत्रकार. ती बातमी देते, निर्णय घेत नाही.

मला खरा वाटला तो मोरियामा, कंत्राटी कामगार. फंडवाला त्याला हाताशी धरून आंदोलन उभं करवतो आणि काम झाल्यावर पैसे पुढे टाकतो. पण मोरियामाही पुरुषच!

जपानमध्ये १९८५ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एक नोकरीत स्त्रियांना समान संधी देणारा. दुसरा, ठरावीक कामांसाठी माणसं भाड्याने घ्यायची मुभा कंपन्यांना देणारा. पहिल्या दाराने मोजक्या शिकलेल्या मुली आत गेल्या, दुसऱ्याने कितीतरी जणी टायपिंग, फायलिंगला लागल्या. ना बढती, ना शाश्वती. त्याची ओरड फारशी झाली नाही. बाईचा पगार म्हणजे वरखर्चाचा, असंच ना!

२००४ साली कारखान्यांनाही ती मुभा मिळाली. २००८च्या अखेरीस पुरुषांची कामं गेली, कंपनीने दिलेल्या खोल्या गेल्या. नववर्षाला टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये त्यांच्यासाठी तंबू उभे राहिले, तेव्हा देश हादरला. मोरियामा पडद्यावर आला तो त्यानंतर.

आता चर्चेत मला एवढंच ऐकायचंय: अकामा कुणाच्याही हाती गेली, तरी तिथल्या भाड्याच्या टायपिस्टचं काय झालं असतं?