फोन कुणाच्या हातात?



मोबाइलमुळे माणसं एकमेकांपासून दूर गेली, असं आमच्या पिढीचे लोक तुम्हाला नेहमी ऐकवतात. मी आज तसं बोलणार नाही. आमच्या घरात उलटंच घडलं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली माणसं आखातात गेली, तसे माझे अब्बाही १९८१ साली मस्कतला गेले. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून अब्बा कॅसेट भरून गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचे. रात्री इशाच्या नमाजनंतर दादी, काका, फुफी, शेजारपाजारचे असे सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसायचे. अब्बा एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारायचे. अम्मीच्या वाट्याला एकच वाक्य यायचं, ‘मुलांकडे लक्ष दे.’ उत्तराची कॅसेटही अशीच सगळ्यांसमोर भरली जायची. अम्मी म्हणायची, ‘इथं सगळं बरं आहे.’ तेव्हा तिला पोटाचं दुखणं होतं. अब्बांना ते दोन वर्षांनी, सुट्टीवर आल्यावर कळलं.

पुढे तालुक्याला पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं. काचेच्या केबिनमध्ये अम्मीबरोबर काका उभे असायचे आणि मीटरचे लाल आकडे भराभर पळायचे. तिथंही ‘सगळं बरं आहे’ एवढंच.

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झालं. पण येणाऱ्या कॉललाही पैसे पडत होते, तोवर मोबाइल आमच्यासारख्यांचा नव्हताच. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं. पुढच्या वर्षी अब्बांनी अम्मीसाठी हँडसेट पाठवला. ती तो घेऊन परसात गेली आणि फणसाखाली बसून अर्धा तास बोलली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

यंत्रं घरात आधीही होती. फरक पडला तो यंत्र तिच्या स्वतःच्या हातात आलं तेव्हा.

आता आजचं बघू. मुलाला दहावीनंतर फोन मिळतो, मुलीला ‘कशाला हवा?’ असं विचारलं जातं. मिळालाच तर पासवर्ड भावाला माहीत असतो. बँकेचं खातं बाईच्या नावावर, पण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर. शिष्यवृत्तीचा अर्ज मुलीचा, नंबर मामाचा. २०१९ च्या कायद्याने मेसेजवरून दिलेला तिहेरी तलाकही बेकायदा ठरवला. पण जिचा फोन नवऱ्याच्या ताब्यात आहे, तिने तक्रार करायची तरी कशावरून?

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी मुलगी झोपल्यावर मी तिचा फोन उघडून पाहिला. काळजी वाटते म्हणून, असं स्वतःला समजावलं. तिला ते कळलं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, ‘अब्बा, विचारलं असतं तर सांगितलं असतं.’ त्यानंतर कितीतरी दिवस मी काही विचारलं की ती म्हणायची, ‘सगळं बरं आहे.’ अम्मीचंच वाक्य! मी हादरलो.

इंटरनेटवर धोके आहेत, फसवणूक आहे, हे मी नाकारत नाही. पण धोका कळायला मुलीशी बोलावं लागतं, आणि चोरून पाहणाऱ्याशी कुणी बोलत नाही.

म्हणून एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर अम्मीच्या, बहिणीच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय ते पाहा. तिचा नसेल तर तो बदलून घ्या, आणि ओटीपी कसा वापरायचा, कुणाला सांगायचा नाही, हे तिला शिकवा.