विमान मोडताना



 विमान देखभाल अभियंत्यांच्या संमेलनात बहुधा नव्या विमानांविषयी बोललं जातं. मी मात्र जुन्या खासगी जेटविषयी बोलणार आहे. ती उडवायला नव्हे, सुटी करून विकायला घेणाऱ्यांचा धंदा मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. आपण त्याला भंगारवाल्याचं काम समजून नाक मुरडतो. मला ते आपल्याच पेशातलं शेवटचं आणि सर्वात जबाबदारीचं काम वाटतं.

हिशेब साधा आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या हॉकर 800 ची दोन्ही इंजिनं मोठ्या तपासणीला आली की त्या कामाचा खर्च अख्ख्या विमानाच्या बाजारभावाला भिडतो. मालक हात वर करतो. पण इंजिनं, लँडिंग गिअर, एपीयू (सहायक इंजिन), कॉकपिटमधली उपकरणं यांची वेगवेगळी किंमत मांडली, तर बेरीज उभ्या विमानापेक्षा जास्त भरते. कधी नियमच विमानाला जमिनीवर बसवतात. 2015 संपताना अमेरिकेने जुन्या, गोंगाटी छोट्या जेटना बंदी घातली. गल्फस्ट्रीम आणि लिअरजेटची जुनी पिढी तिथेच थांबली. लिअरजेट बनवणंही 2022 मध्ये बंद झालं. उरलेली उडत राहायची, तर मोडलेल्या विमानांतून निघणाऱ्या भागांची गरज वाढतच जाणार.

आता मुंबईकडे या. उद्योगपती विजय मल्ल्यांचं एअरबस ए-319 सेवाकर विभागाने थकबाकीपोटी 2013 मध्ये जप्त केलं. शंभरावर माणसं बसतील अशा विमानात पंचवीसेक आसनांची ऐषारामी मांडणी. 2016 मध्ये राखीव किंमत ठेवली 152 कोटी रुपये, आणि बोली आली 1.09 कोटींची. विभागाने ती नाकारली. अखेर 2018 मध्ये फ्लोरिडाच्या एका कंपनीने ते 34.8 कोटींना घेतलं. त्याच मालकाचं एक छोटं जेट तर कुर्ल्याच्या भंगार व्यापाऱ्याने 22 लाखांना उचलल्याचं वृत्तपत्रांत आलं होतं.

या आकड्यांवर लोक हसले. मला वाईट वाटलं. उभं विमान झोपत नाही, ते झिजत असतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत इंजिन ठरावीक काळाने चालवलं नाही, किंवा संरक्षक तेल भरून, ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवून, तोंड बांधून नीट जपलं नाही, तर बेअरिंगला गंज धरतो. टायर एका जागी चपटे होतात, सील सुकतात. खटला चालू राहतो, पार्किंगचं भाडं चढत राहतं आणि ज्या भागांवर कुणाचं तरी विमान उडालं असतं ते तिथेच मरतात. जप्तीच्या पहिल्या दिवसापासून विमान जपण्याची जबाबदारी कुणाची, हे आपल्याकडे कागदावर ठरलेलं असायला हवं.

आणि कागद म्हणजेच या धंद्याचा जीव. टर्बाइनच्या डिस्कचं आयुष्य सायकलमध्ये, म्हणजे उड्डाण-उतरणीच्या फेऱ्यांमध्ये, मोजतात. कारखान्यातून निघाल्यापासूनच्या प्रत्येक सायकलची नोंद सलग हवी. मधली दोन वर्षं हरवली, तर चकचकीत डिस्कही कापून टाकायची. काढलेला भाग मान्यताप्राप्त कार्यशाळेत तपासून, रिलीज सर्टिफिकेटचा टॅग लागल्याशिवाय दुसऱ्या विमानावर चढत नाही. इथे भाजे गावच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या लाकडावर दोन हजार वर्षांपूर्वी ब्राह्मीत कोरलेली अक्षरं सापडली आहेत. ती अक्षरं आहेत म्हणून त्या लाकडाचा काळ छातीठोकपणे सांगता येतो. आपल्या टॅगचं काम तेच आहे.

टॅग खोटा असला की काय होतं? 8 सप्टेंबर 1989 रोजी ओस्लोहून हॅम्बर्गला निघालेलं एक कॉन्व्हेअर 580 डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या बोल्टांमध्ये बनावट बोल्ट निघाले. पंचावन्न माणसं गेली. 2023 मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्सने खोट्या प्रमाणपत्रांवर सीएफएम 56 इंजिनांचे भाग विकल्याचं उघड झालं, आणि अनेक देशांतल्या विमान कंपन्यांना त्या भागांसाठी इंजिनं उतरवावी लागली. म्हणून नाकारलेला भाग नुसता कोपऱ्यात टाकू नका. तो कापा, वाकवा, पुन्हा कुणी रंग मारून विकू शकणार नाही असा करा. स्टोअर्समधल्या माझ्या मित्रांनो, नाकारल्याचा लाल टॅग लावलेला भाग 'नंतर बघू' म्हणून फळीवर ठेवण्याची सवय आपल्याला मोडावीच लागेल.

नागपूर विमानतळावर 1991 मध्ये उतरलेलं एक बोइंग 720 कुणी परत नेलं नाही. 2015 पर्यंत, चोवीस वर्षं, ते तिथेच उभं होतं. तेव्हा ते शहाणपणाने मोडायला आपल्याकडे कुणी पुढे आलं नाही. त्याच नागपुरात आज विमानतळाशेजारच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोइंग दुरुस्तीचं केंद्र आहे. हँगर आहे, हातात कसब असलेली पोरं आहेत. जुनं विमान शास्त्रशुद्ध मोडण्याची, त्याचा प्रत्येक भाग तपासून नोंदवण्याची सोय तिथे उभी राहू शकते, आणि राज्यातली उभी विमानं फ्लोरिडाच्या खरेदीदाराची वाट पाहत बसणार नाहीत.

दुपारच्या सत्रात यावर चर्चा आहे. एक ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडतो: जप्त किंवा सोडून दिलेल्या विमानाची लॉगबुकं, विमान ताब्यात घेतल्याच्या दिवशीच पंचनाम्यासह सुरक्षित जमा करावीत आणि लिलावाच्या जाहिरातीत ती उपलब्ध आहेत की नाहीत हे स्पष्ट लिहावं. मसुदा तुमच्यासमोर आहे. त्यात दुरुस्त्या सुचवा, मग तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) पाठवू.