साबण का नाही, हे कुणी सांगायचं?



शाळा सुरू होऊन महिना होत आला. तुमच्या गावच्या शाळेत निवडणूक झाली असेल, नाहीतर आता होईल. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक म्हणतेय मी. पोरं घरी येऊन सांगतात, ‘आई, मी आरोग्यमंत्री झालो’, ‘मावशी, आमची दीदी मुख्यमंत्री झाली’. आपल्याला कौतुक वाटतं, थोडं हसूही येतं. काही शाळांत तर मोबाईलवरच मतदानयंत्र तयार करतात, बटण दाबलं की आवाज येतो. डाव्या हाताच्या बोटाला शाई लावतात. पोरं दोन दिवस ती शाई पुसू देत नाहीत.

हे चांगलंच आहे. पण आज मला त्या दिवसाबद्दल नाही, त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. कारण बहुतेक शाळांत मंत्रिमंडळ निवडलं जातं, नावं फळ्यावर लिहिली जातात, फोटो काढला जातो आणि गोष्ट तिथंच संपते. मग वर्षभर स्वच्छतामंत्री म्हणजे झाडू मारणारा आणि पाणीमंत्री म्हणजे सरांना तांब्या आणून देणारा.

मी प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, म्हणून सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लोकशाही कळत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मत अठराव्या वर्षी मिळतं, 1989 च्या आधी तर एकविसाव्या वर्षी मिळायचं. मग आत्तापासून कशाला डोक्यात भरायचं, असं त्यांचं म्हणणं. पण याच वयाच्या पोराला ‘त्याला दोन लाडू आणि मला एकच का?’ हे बरोबर कळतं. खेळताना डाव कुणावर आला, कुणी चिडी खाल्ली, यावर ती तासभर भांडतात. न्याय आणि समता हे शब्द त्यांना पुस्तकातून यायच्या आधीच भांडणातून आलेले असतात. त्या भांडणाला रीत लावून देणं, एवढंच शाळेचं काम आहे.

रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत ती छापलेलीच असते. तिसरीतली मुलं ती एका दमात घडाघडा म्हणतात. ‘सार्वभौम’ म्हणजे काय विचारलं तर एकमेकांकडं बघतात. बघू द्या. तो शब्द पुढं सातवीत येईल, तिथं संविधानाची ओळख आहे. आज एकच शब्द धरायचा, न्याय. एक मुलगी रोज उशिरा येते, कारण सकाळी आईबरोबर पाण्याला जाते. एक मुलगा उशिरा येतो, कारण टीव्ही बघत बसतो. दोघांना सारखीच शिक्षा द्यावी का? हा प्रश्न वर्गात टाकून बघा. अर्धा तास मुलं बोलतात. शेवटी कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, तिला उशिरा यायची परवानगी द्या, नाहीतर गावातला नळ सुरू करा.’ आता हा नागरिकशास्त्राचा धडा झाला की नाही?

आणि नळाचं निघालंच आहे, तर सरकार शिकवायला नळासारखं दुसरं साधन नाही. शाळेच्या नळाला पाणी येत नाही. कुणाला सांगायचं? ग्रामपंचायतीला. शाळेला शिक्षक कमी आहेत. ते ग्रामपंचायतीच्या हातात नाही, ते जिल्हा परिषदेकडं. मधे तालुक्याला पंचायत समिती. तीन पायऱ्या पाठ करून घेतल्या तर मुलं परीक्षेनंतर विसरतात. आपला अर्ज कुठल्या पायरीवर अडकला, हे एकदा शोधलं की विसरत नाहीत.

मुलांना ग्रामपंचायत दाखवायला नेतात, तेव्हा एक गंमत होते. गंमत म्हणायची, पण ती काही हसण्यासारखी नाही. भिंतीवरच्या फलकावर सरपंच म्हणून बाईचं नाव असतं आणि खुर्चीत तिचा नवरा बसलेला असतो. पोरं निरागसपणे विचारतात, ‘सरपंच कोण आहेत?’ 2011 पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पुस्तकात तेवढं वाक्य येतं. खुर्चीत कोण बसलंय ते मुलं डोळ्यांनी बघतात. मैत्रिणींनो, तुमच्यातली जी कुणी सदस्य किंवा सरपंच असेल, तिनं शाळेची मुलं येणार त्या दिवशी तरी स्वतः खुर्चीत बसावं. मग सवय लागेल.

मंत्रिमंडळातही तेच बघायचं. खातेवाटपाची यादी मुलीला विचारा. क्रीडा, सहल, पाणीपुरवठा मुलांकडं आणि स्वच्छता, रांगोळी, पाहुण्यांचं स्वागत मुलींकडं, असं असेल तर निवडणूक कितीही नीट झाली तरी काय उपयोग? घरातली वाटणीच शाळेत गेली. आणि मुलानं कुणाला मत दिलं ते घरी खोदून विचारू नका. मत गुप्त असतं, हे त्याला शाळेत सांगितलेलं असतं. तुमच्या मतदानाच्या आदल्या रात्री घरात कोण कुणाला काय सांगतं, तेही ते ऐकत असतंच.

एका शाळेतली हकीकत सांगते. गाव साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं कोपीवर राहतात. त्यातली काही शिक्षण हमी कार्ड घेऊन शाळेत येतात, चारपाच महिने बसतात, हंगाम संपला की परत जातात. त्या वर्षी शाळेचा मुख्यमंत्री वडिलांच्या बदलीमुळं गेला आणि डिसेंबरात पुन्हा निवडणूक घ्यायची वेळ आली. प्रश्न आला, टोळीवरच्या मुलांना मत द्यायचं का? सर निर्णय देऊन मोकळे झाले असते. पण त्यांनी तो प्रश्न बालसभेत ठेवला. एक जण म्हणाला, ती आपल्या गावची नाहीत. दुसरी म्हणाली, ती मार्चमधे जाणार, मग मंत्र्याचं काम त्यांना कुठं बघायचंय? मग चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘खिचडी आत्ता खातात ना? मग खिचडी पातळ झाली तर मंत्र्याला विचारायचं कुणी?’ हात वर झाले. जो वर्गात बसतो त्याचं मत, असं ठरलं. टोळीवरची मुलं तोवर मागच्या ओळीत बसायची. मतदानाच्या दिवशी नावं बाराखडीच्या क्रमानं पुकारली आणि रांगेत सगळी मिसळली. राजकारणात एकाला एक मत दिलं तरी समाजात उच्चनीच राहिली तर ती लोकशाही टिकायची नाही, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 ला दिला होता. त्या मुलीला ते भाषण ठाऊक नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. मंत्रिमंडळ खरं की खोटं, हे ओळखायची एक खूण आहे. शनिवारच्या बालसभेत मुलं मंत्र्याला प्रश्न विचारतात का? आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं का? समजा एक मुलगा विचारतो, ‘हात धुवायला साबण का नाही?’ आरोग्यमंत्री म्हणतो, ‘मी सरांना सांगितलं, सरांनी आणला नाही.’ इथं सगळं थांबतं. कारण आता उत्तर सरांनी द्यायचं असतं. ज्या शाळेत सर तिथं उभे राहून सांगतात की ‘पैसे अजून आलेले नाहीत’ किंवा ‘माझ्याकडून राहिलं, सोमवारी आणतो’, त्या शाळेतली पोरं लोकशाही शिकतात. ‘गप्प बस, जास्त बोलतोस’ असं म्हटलं, तर तिथं मंत्रिमंडळाचं नाटक आहे. शिक्षकांना हे जड जातं, मला माहीत आहे. चाळीस पोरांसमोर हिशेब देणं सोपं नाही.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गाव आहे. दिवसा शेळ्या-गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथल्या संस्थेनं रात्रशाळा काढल्या आणि नव्वदच्या दशकात त्या मुलांची बालसंसद निवडली जाऊ लागली. रात्रशाळा नीट चालतात का, शिक्षक येतो का, दिवा लागतो का, यावर ही मुलं लक्ष ठेवायची आणि मोठ्यांना जाब विचारायची. शेळ्या राखणारी पोरं!

आता साबणाचा प्रश्न पुढं जातो, तो तुमच्याकडं. सर म्हणाले पैसे आले नाहीत. खरं आहे का, कुणाला माहीत असतं? शाळा व्यवस्थापन समितीला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती आली. तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या तरी बायका हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कसं खर्च झालं ते बघणं, ही तिची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी या समितीवर आहेत. आणि कितीतरी जणींच्या घरी शाळेतून रजिस्टर येतं, ‘ताई, एवढी सही करा’. चुलीवर भाकरी असते, आपण हात पुसतो आणि सही करतो. वर काय लिहिलंय? सभा झाली, खर्चाला मंजुरी दिली. त्यात साबणही असू शकतो.

तुमच्या पोराचा प्रश्न बालसभेतून सरांकडं, सरांकडून समितीकडं आला आणि आईच्या सहीखाली दडपला गेला. तिला कळलंही नाही.

आपल्या बचत गटात आपण असं चालू देतो का? गटाच्या सभेत सचिव इतिवृत्त वाचून दाखवते. कर्ज कुणाला, किती, कशासाठी, फेड कधी, सगळ्यांसमोर बोललं जातं. पासबुकावरची रक्कम जुळली नाही तर रात्री दहापर्यंत बसतो, पण जुळवतो. कुणी म्हणालं, ‘वाचायचं राहू दे, नुसत्या सह्या करा’, तर पहिला आवाज तुमचाच चढतो. शाळेच्या रजिस्टरलाही तेच लावायचं, वेगळं काही शिकायला नको. सभेला जा. मागच्या सभेचं वाचून दाखवा म्हणा. अक्षर लागत नसेल तर दुसरीकडून वाचून घ्या. आणि जमलं तर गटाच्या सभेला चौथी-पाचवीची पोरं बसू द्या. हिशेब कसा विचारतात आणि विचारणारीशी भांडण न करता कसा देतात, ते त्यांना कुठल्या पुस्तकात एवढं बघायला मिळणार नाही.

पंधरा ऑगस्टच्या सुमाराला बऱ्याच गावांत ग्रामसभा असते, त्याआधी बायकांची महिला सभा. मुलांना तिथं मत नाही, पण अर्ज लिहिता येतो. शाळेच्या नळाचा, फुटक्या कौलाचा, वाटेवरच्या दारूच्या अड्ड्याचा, जो असेल तो. अर्ज पोरांनीच लिहू द्या, वाकड्या अक्षरात असला तरी चालेल. दोन प्रती करायला सांगा. तुमच्यातली एक जण बरोबर जा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन या. ती पोच वर्गाच्या भिंतीवर लावा, मंत्र्यांच्या नावांच्या शेजारी.