डॉ. कोटणीस आणि पडद्यावरचे युद्ध

शीळफाट्यावरून कल्याणची वाट धरली आणि तसेच पुढे गेले की उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले. युद्धाची झळ इतक्या जवळून पाहिलेल्या या भागात व्ही. शांताराम यांचा १९४६ चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पुन्हा पाहिला जायला हवा.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करीत ते तिथलेच झाले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय अवघे ३२.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून हा चित्रपट निघाला. कोटणीस झाले स्वतः शांताराम, चिंगलान झाल्या त्यांच्या पत्नी जयश्री. शेवट अजून काळजाला हात घालतो. मरणाच्या दारातला डॉक्टर बायकोला सोलापूरच्या घरची वाट सांगत राहतो, आणि पडद्यावर ती बाळाला घेऊन त्या घरी पोहोचते. तोफा, जखमा, पळापळ यांपेक्षा युद्धाने काय हिरावले ते या एका प्रसंगात जास्त कळते.

मात्र पडद्यावरची चिंगलान तेव्हाच्या आपल्या नायिकांसारखी लाजते, गाते. खऱ्या चिंगलान युद्धभूमीजवळच्या रुग्णालयात काम करणाऱ्या, शिकलेल्या, खंबीर बाई होत्या. त्या चीनमध्येच राहिल्या. सोलापूरच्या सासरच्यांशी नाते मात्र त्यांनी जपले. १९६७ मध्ये तरणाताठा मुलगाही गेला. त्या २०१२ पर्यंत जगल्या, कोटणीसांसोबतच्या दिवसांच्या आठवणी लिहून गेल्या. चित्रपट सासरच्या उंबऱ्याशी थांबतो. त्यांचे दुःख त्यापुढे सत्तर वर्षे चालले.

युद्धाने दिलेल्या दुःखाच्या अशा पुढच्या वर्षांकडे फ्रेंच दिग्दर्शक अलाँ रेने यांनी १९५९ च्या ‘हिरोशिमा मों आमूर’मध्ये पाहिले. त्यातली फ्रेंच नटी हिरोशिमात एका जपानी माणसाच्या प्रेमात पडते आणि युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या जर्मन प्रियकराची गोष्ट त्याला सांगू लागते. सांगता सांगता तिला भीती वाटते ती त्या मेलेल्या प्रियकराला विसरण्याची.

डोंबिवली-कल्याणच्या रसिकांनी हे दोन्ही चित्रपट एक दिवस मध्ये सोडून दोन संध्याकाळी दाखवावेत, आणि मधल्या दिवशी चिंगलान यांच्या आठवणींचे वाचन ठेवावे.